रुकीचं भाकीत (बास्केटबॉल)

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी जे नवे खेळाडू (म्हणजे रुकी) येतात त्यातला पहिल्याच सीझनला सगळ्यात भारी कोण ठरणार, याचा सीझन सुरू व्हायच्या आधी बांधलेला अंदाज. व्यवहारात हा अंदाज ‘रुकी ऑफ द इयर’ हे बक्षीस कोण नेणार एवढ्यावरच येऊन थांबतो. पण बक्षीस मिळणं आणि सगळ्यात चांगलं खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाकितं चुकतात ती बऱ्याचदा या दोघांची गल्लत केल्यामुळेच.

उगमाचा प्रश्न

बक्षीस नक्की कधी सुरू झालं यावर एकमत नाही. एनबीएची आजची अधिकृत यादी १९५२–५३ पासून सुरू होते आणि त्यात पहिलं नाव फोर्ट वेन पिस्टन्सच्या डॉन माइनिकीचं. पण त्याच्या आधीचे पाच सीझन वृत्तपत्रांचे क्रीडालेखक आपापसात वर्षाचा सर्वोत्तम नवखा निवडत होतेच. त्या यादीत १९४७–४८ ला बाल्टिमोर बुलेट्सचा पॉल हॉफमन, १९४८–४९ ला प्रॉव्हिडन्स स्टीमरोलर्सचा हॉवी शॅनन, १९४९–५० ला इंडियानापोलिस ऑलिंपियन्सचा अ‍ॅलेक्स ग्रोझा, १९५०–५१ ला फिलाडेल्फियाचा पॉल अ‍ॅरिझिन आणि १९५१–५२ ला बिल टोशेफ व मेल हचिन्स हे दोघं मिळून. ही सहा नावं लीगने स्वतःच्या १९९४–९५ च्या अधिकृत गाइडमध्ये छापली होती, त्याच सुमाराच्या अधिकृत ज्ञानकोशातही होती, आणि पुढच्या आवृत्त्यांमधून ती गेली. ग्रोझावर १९५१ मध्ये कॉलेजच्या दिवसांतल्या पॉइंट-शेव्हिंग (पैसे घेऊन गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवणं) प्रकरणावरून आजीवन बंदी आली होती हे खरं, पण त्यामुळे नावं गाळली असं म्हणावं तर बाकीच्या पाच जणांनी काय केलं होतं? जास्त पटणारं स्पष्टीकरण असं की ती निवड लीगने केलेली नव्हती, लेखकांची होती.

यात आणखी एक अडचण आहे. १९४९ पर्यंत या लीगचं नाव बीएए होतं, १९४९ ला एनबीएल नावाच्या दुसऱ्या लीगशी विलीनीकरण होऊन एनबीए झाली, पण एनबीए आपला इतिहास बीएएच्या स्थापनेपासून म्हणजे १९४६ पासूनच मोजते. मग विजेतेपदं १९४६–४७ पासूनची आपली आणि रुकी मात्र १९५२–५३ पासूनचे, हे जरा विसंगत वाटतं. (१९४६–४७ ला कोणाचंच नाव नाही यात नवल नाही, लीगच नवी म्हटल्यावर सगळेच रुकी.) या नोंदीत १९५२–५३ हीच अधिकृत सुरुवात धरलीय, मात्र आधीची सहा नावं गाळण्याऐवजी ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून ठेवणं जास्त योग्य, त्या खेळाडूंवर तेवढा अन्याय तरी होणार नाही.

रुकी म्हणायचं कोणाला

साधारण नियम असा की एनबीएच्या नियमित सीझनची एकही मॅच आधी खेळलेली नसेल तर तो रुकी, मग वय कितीही असो आणि दुसऱ्या देशात कितीही वर्षं पैसे घेऊन खेळलेला असो. त्यामुळे १९८६ च्या ड्राफ्टमध्ये (टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू घ्यायची वार्षिक निवड) घेतलेला लिथुआनियाचा आर्विदास साबोनिस १९९५–९६ मध्ये तिशी ओलांडून रुकी म्हणून आला आणि मतदानात डेमन स्टाउडमायरच्या पाठोपाठ दुसरा राहिला. लुका दोनचिचने २०१८ ला रियाल माद्रिदकडून युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला होता, तरी २०१८–१९ ला तो रुकीच.

दुखापतीमुळे अख्खं पहिलं वर्ष बाहेर बसलेला खेळाडूही पुढच्या वर्षी रुकी धरला जातो. ब्लेक ग्रिफिन २००९ चा पहिला पिक (म्हणजे ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेला), बक्षीस २०१०–११ चं. बेन सिमन्स २०१६ चा पहिला पिक, बक्षीस २०१७–१८ चं, आणि त्या वर्षी युटाचा डॉनोव्हन मिचेल ‘रुकी’ या शब्दाची व्याख्याच छापलेला हुडी घालून मैदानात आला होता, एवढा तो वाद तापला होता. डेव्हिड रॉबिन्सन तर १९८७ ला ड्राफ्ट होऊन दोन वर्षं नौदलात होता आणि १९८९–९० ला आला तो एकमताने बक्षीस घेऊन गेला. अंदाज बांधणाऱ्याने म्हणून फक्त त्या वर्षीच्या ड्राफ्टची यादी बघून चालत नाही, मागच्या वर्षी कोण बाकावर बसलं होतं तेही बघायला लागतं, कारण त्या पोराने वर्षभर टीमबरोबर सराव केलेला असतो, अंगात ताकद आलेली असते, प्लेबुक (टीमच्या ठरलेल्या चालींची वही) पाठ झालेलं असतं.

भारतीय वाचकांना हटकून आठवेल तो सतनाम सिंग, २०१५ ला डॅलसने ५२ वा घेतलेला. पण एनबीएच्या नियमित सीझनमध्ये तो उतरलाच नाही, त्यामुळे तो या गणतीत येत नाही.

ड्राफ्टचा क्रमांक

सगळ्यात जुना आणि अजूनही टिकून असलेला आडाखा म्हणजे ज्याला आधी निवडलं तो जिंकेल. हा तपासायचा तर १९८५ च्या आधीची वर्षं बाजूला ठेवलेली बरी, कारण १९६५ पर्यंत टेरिटोरियल पिक नावाची पद्धत होती, म्हणजे आपल्या भागातल्या कॉलेजचा खेळाडू टीमला पहिल्या फेरीचा हक्क सोडून थेट घेता यायचा (विल्ट चेंबरलेन कॉलेजला कॅन्ससमध्ये असूनही फिलाडेल्फियातल्या शाळेच्या जोरावर तिथल्या टीमला असाच मिळाला), आणि तेव्हाचे क्रमांक आजच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. १९५८ चा विजेता वुडी सॉल्ड्सबेरी हा आठव्या फेरीतला ६० वा पिक होता, आज एवढ्या खालून कोणी येईल असं वाटत नाही.

लॉटरी, म्हणजे वरचे पिक कोणत्या टीमला हे सोडतीने ठरवणं, १९८५ च्या ड्राफ्टपासून आली. १९८५–८६ ते २०२४–२५ या ४० सीझनमध्ये ४२ विजेते झाले (१९९४–९५ ला ग्रँट हिल आणि जेसन किड, १९९९–२००० ला एल्टन ब्रँड आणि स्टीव्ह फ्रान्सिस असे जोडीने). त्यातले १८ पहिले पिक. दुसरे ५, तिसरे ४, चौथे ५. म्हणजे ४२ पैकी ३२ जण पहिल्या चारातूनच आले. पहिल्या दहाच्या बाहेरून फक्त तिघं, मार्क जॅक्सन १८ वा, मायकेल कार्टर-विल्यम्स ११ वा आणि माल्कम ब्रॉग्डन ३६ वा.

यावरून ड्राफ्टचा क्रमांक गुणवत्ता मोजतो असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ड्राफ्टची रचनाच अशी की हरणाऱ्या टीमना वरचे पिक मिळतात, आणि हरणाऱ्या टीमकडेच नवख्याला द्यायला मिनिटं असतात, बॉल असतो, चुका पोटात घालायची तयारी असते. म्हणजे क्रमांकात गुणवत्ता आणि संधी या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढणं फार अवघड. २०१३ चं उदाहरण बघा, पहिला पिक अँथनी बेनेट क्लीव्हलँडला ४.२ पॉइंट्सच्या सरासरीवर अडकला, आणि ११ वा पिक कार्टर-विल्यम्स फिलाडेल्फियाच्या १९ विजय ६३ पराभव अशा दुबळ्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून पॉइंट गार्ड (बॉल हाताळून खेळ रचणारा) म्हणून उभा राहिला, १६.७ पॉइंट्स, ६.२ रिबाउंड, ६.३ असिस्ट करून बक्षीस घेऊन गेला, आणि पुढच्याच सीझनच्या फेब्रुवारीत त्याला टीमने ट्रेड करून टाकलं. त्याच ड्राफ्टमधला १५ वा पिक यानिस अँटेटोकूंपो पहिल्या वर्षी ६.८ पॉइंट्सवर होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण इथे लावायची नाही, कोबी ब्रायंट पहिल्या सीझनला ७.६ वर होता.

उलट बाजूने, ड्राफ्टमध्ये टीम बघतात ती पुढची दहा वर्षं, त्यामुळे १९ वर्षांचा कच्चा पोरगा वर जातो आणि चार वर्षं कॉलेज केलेला तयार माणूस खाली घसरतो. पण प्रश्न फक्त पहिल्या सीझनचा असेल तर वय वाढलेलं असणं फायद्याचं. डेमियन लिलर्ड वेबर स्टेटला चार वर्षं खेळून आला, ६ वा पिक, आणि २०१२–१३ ला एकमताने जिंकला. ब्रॉग्डन जिंकला तेव्हा २४ वर्षांचा होता.

आकडेमोड

कॉलेजच्या आकड्यांवरून एनबीएचे आकडे काढायचे तर आधी मैदान बदलतं हे ध्यानात घ्यायला हवं. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची, एनबीएची ४८. शॉट क्लॉक (बॉल हातात आल्यावर शॉट मारायची मुदत) कॉलेजला ३० सेकंद (२०१५ च्या आधी ३५), इथे २४. थ्री-पॉइंटची रेषा इथे मध्यभागी २३ फूट ९ इंचांवर, कॉलेजला त्याहून जवळ. म्हणून अभ्यासक आकडे मिनिटांप्रमाणे किंवा पझेशनप्रमाणे (बॉल टीमच्या ताब्यात आला त्या प्रत्येक पाळीमागे) काढतात आणि मग समोरच्या टीम किती तगड्या होत्या त्याचा हिशोब धरतात. अनुभव असा की रिबाउंड, ब्लॉक, स्टील हे बऱ्यापैकी तसेच उतरतात, स्कोअरिंगची अचूकता मात्र पहिल्या वर्षी पडते. थ्री-पॉइंट कोण मारेल हे कॉलेजच्या थ्रीच्या टक्केवारीपेक्षा फ्री-थ्रोच्या टक्केवारीवरून जास्त चांगलं कळतं असं बरेच जण मानतात, आणि ते पटतं, कारण थ्रीचे प्रयत्न एका कॉलेज सीझनला फार थोडे असतात.

दुसरी पद्धत साम्याची, म्हणजे जुन्या खेळाडूंमधून उंची, वय, आकडे याला मिळतेजुळते शोधायचे आणि त्यांचं पुढे काय झालं ते बघायचं. फाइव्हथर्टीएटने २०१५ मध्ये आणलेलं ‘कार्मेलो’ मॉडेल या घराण्यातलं. २०२३–२४ च्या व्हिक्टर वेम्बान्यामासारखा कोणाशीच न जुळणारा आला की ही पद्धत हात टेकते.

तिसरी वाट समर लीग (उन्हाळ्यात मुख्यतः नवख्यांसाठी भरणारी स्पर्धा) आणि प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅच बघण्याची. ग्रिफिन आणि लिलर्ड समर लीगला चमकले होते हे खरं, पण २०१७ ला समर लीगचा सर्वोत्तम लाँझो बॉल होता आणि बक्षीस गेलं सिमन्सला. प्रीसीझनचं तर विचारायलाच नको, तिथे निकालाला किंमत नसते (मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ऑक्टोबर २०१९ ला झालेले पेसर्स–किंग्ज सामने प्रीसीझनचेच होते, पहिला ओव्हरटाइममध्ये १३२–१३१ असा गेला तरी). त्याच महिन्यात झायन विल्यम्सनने चार प्रीसीझन मॅचमध्ये २३.३ ची सरासरी काढली, सगळ्यांनी बक्षीस त्याच्या नावावर लिहून टाकलं, आणि सीझन सुरू व्हायच्या तोंडावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो २४ मॅच खेळला. १०० पैकी ९९ पहिली मतं जा मोरांटला.

या सगळ्यात जास्त भरवशाचं काय, तर मिनिटं. पॉइंट्सची सरासरी म्हणजे किती वेळ मैदानात, त्या वेळात बॉल किती वेळा हातात, आणि हातात आल्यावर काय केलं, या तिघांचा गुणाकार. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कोच ठरवतो. टीमचा पॉइंट गार्ड गेलाय का, त्या जागेवर कोण आहे, कोच नवख्याला खेळवणारा आहे का, हे बघून बांधलेला अंदाज नुसत्या कौशल्याकडे बघून बांधलेल्या अंदाजापेक्षा जवळ जातो.

बक्षीस आणि खरा खेळ

मतं पत्रकार आणि समालोचकांची असतात, अलीकडे साधारण १०० जणांची. पहिल्या पसंतीला ५ गुण, दुसरीला ३, तिसरीला १. किमान ६५ मॅचचा जो नियम २०२३–२४ पासून एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) वगैरे बक्षिसांना लागला तो रुकीच्या बक्षिसाला लागत नाही, पण मतदार मनातल्या मनात मॅच मोजतातच. २०१६–१७ ला जोएल एम्बीडची सरासरी २०.२ होती, पण ३१ मॅचच. ब्रॉग्डनची १०.२, ७५ मॅच. बक्षीस ब्रॉग्डनला, दुसरा दारिओ शारिच, एम्बीड तिसरा. १९५६–५७ लाही असंच काहीसं झालं होतं, बिल रसेल मेलबर्न ऑलिंपिकमुळे उशिरा आला, ४८ मॅच खेळला, आणि बक्षीस त्याच्याच टीममधल्या टॉम हाइनसनला गेलं. दोन्ही वेळा जास्त चांगला खेळाडू कोण होता याबद्दल फारसा वाद होऊ नये.

स्कोअर मोठा की टीमचा विजय मोठा यावर मतदारांचं कधी एकमत झालेलं नाही. १९७०–७१ ला नव्या कोऱ्या पोर्टलँडकडून २४.८ पॉइंट्स करणारा जेफ पेट्री आणि बोस्टनकडून १७ पॉइंट्स, १५ रिबाउंड काढणारा डेव्ह काउन्स यांना बक्षीस वाटून द्यावं लागलं. २००३–०४ ला कार्मेलो अँथनीच्या डेन्व्हरने १७ वरून ४३ विजयांवर उडी घेतली तरी मतं लेब्रॉन जेम्सकडे जास्त गेली. २०२१–२२ ला स्कॉटी बार्न्स ३७८ आणि इव्हान मोब्ली ३६३, १५ गुणांचा फरक, असं काही आधी सांगता येणं शक्यच नाही. एकमताने निवड मात्र मोजक्याच वेळा झालीय, राल्फ सॅम्पसन, रॉबिन्सन, ग्रिफिन, लिलर्ड, कार्ल-अँथनी टाउन्स आणि २०२३–२४ ला व्हिक्टर वेम्बान्यामा, आणि या सहापैकी पाच जण पहिले पिक होते.

महिलांची लीग

डब्ल्यूएनबीएमध्ये ड्राफ्ट एप्रिलला आणि सीझन मेमध्ये, कॉलेज संपून जेमतेम महिना-दीड महिना झालेला असतो, त्यामुळे फॉर्म ताजा असतो आणि मुली बहुतेक चार वर्षं कॉलेज खेळून आलेल्या असतात, अंदाज म्हणून जरा सोपा. २०२४ ला आयोवाची केटलिन क्लार्क पहिली पिक, इंडियाना फीव्हरकडून १९.२ पॉइंट्स आणि ८.४ असिस्ट, रुकीच्या बक्षिसाला ६७ पैकी ६६ मतं.