कागदासकट उडणारं काडतूस

कागदी काडतूस म्हटलं की आपल्याला आधी 1857 च आठवतं, एनफिल्डची ती चरबी लावलेली काडतुसं, दातांनी तोडायची. पण त्याच काळात तिकडे अमेरिकेत कोल्टच्या रिव्हॉल्व्हरसाठी जे कागदी काडतूस निघालं ते तोडायचंच नव्हतं, अख्खं आत ढकलायचं. एनफिल्डमध्ये कागद म्हणजे नुसतं पाकीट, इथे तो दारूबरोबर जळून जायला पाहिजे, आणि सगळी गंमत यातच आहे.

कोकणात शेतकऱ्यांकडे शेताच्या राखणीला ठासणीची बंदूक असते ती ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. 1860 चं कोल्ट आर्मी हे रिव्हॉल्व्हर म्हणजे तसलाच प्रकार, फक्त फिरत्या नळकांड्यात सहा घरं, म्हणजे गोळी-दारूचे खळगे, असलेला. प्रत्येक घरात पुढून दारू ओता, शिशाची गोळी ठेवा, खालच्या दांड्याने ठासा, मग मागे एकेक टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी, बसवा, आणि हे सगळं घोड्यावर बसून आणि समोरून लोक गोळ्या झाडत असताना! म्हणून मोजलेली दारू आणि गोळी एकत्र चिकटवलेली तयार काडतुसं आली, सहा-सहाच्या पुड्यात, आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, म्हणजे नाजूक कागद फाटायला नको.

आता साधा कागद का चालत नाही? तो जळतो, पण पूर्ण जळायला बाहेरून ऑक्सिजन लागतो आणि बंद घरात तो कुठून येणार. मग एखादा तुकडा उदबत्तीसारखा धुमसत राहतो आणि पुढची दारू त्याच घरात घातली की हातातच बार. यावर उपाय म्हणजे कागद सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याचे बारीक स्फटिक धाग्यांत अडकून बसतात आणि तापले की ऑक्सिजन सोडतात, म्हणजे कागद स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊनच आत जातो. याला गनकॉटन, म्हणजे आम्लात भिजवून केलेला स्फोटक कापूस, समजू नका हं, शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1846 मध्ये केलेल्या त्या प्रकारात सेल्युलोजचा, म्हणजे कापसाच्या धाग्याचा, रेणूच बदलतो, इथे सोरा नुसता मुरलेला असतो. दुसरी अट म्हणजे कागद पातळ हवा, कारण टोपीतल्या पाऱ्याच्या फल्मिनेटची (ठोकलं की पेटणारं रसायन) ठिणगी बारीक भोकातून येते आणि तिला तो भेदून दारूपर्यंत जायचंय. कोल्टने कथलाच्या पातळ पत्र्याची काडतुसंही काढली होती, ओलाव्याला ती चांगली, पण पत्रा काही जळत नाही.

मग सरळ पितळी काडतूस का नाही वापरलं? ते मागून भरायला घरं आरपार हवीत आणि त्याचं रॉलिन व्हाइटचं 1855 चं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात होतं, 1869 पर्यंत. म्हणजे अख्खं अमेरिकेतलं यादवी युद्ध कोल्टवाल्यांनी कागदावर काढलं ते बऱ्याच अंशी वकिलांमुळे, केमिस्ट्रीमुळे नाही! पितळेचं प्रसिद्ध कोल्ट थेट 1873 ला आलं.

आजही तिकडे हौशी लोक अशी काडतुसं वळतात, बरेचजण सिगारेटचा कागद घेतात. कागद शंभर टक्के जळला तरी दारूची घाण राहतेच, कारण काळ्या दारूचं वजनाने निम्म्याहून जास्त घन रूपातच उरतं, पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट वगैरे. ही राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड गंजवते, पण पाण्यात विरघळतेही, म्हणून साफसफाईला महागडं काही लागत नाही, गरम पाण्याने धुवायचं आणि मग तेल लावायचं.