ले-आऊटची फाईल परत का येते? रेखांकन मंजुरीच्या अर्जाआधी वाचा

"आमचा ले-आऊट मंजूर आहे" म्हणत लोक जो कागद पुढे करतात, तो पुष्कळदा मंजुरीचा नसतोच. कधी ती तात्पुरती मंजुरी असते, कधी आवक शिक्का मारलेला नुसता नकाशा. एका काकांनी तर घडी घातलेला एनए (बिनशेती) आदेश दाखवला होता आणि तेवढ्या भरवशावर चार प्लॉटचा इसार घेऊन ते मोकळे झाले होते. जमिनीचे प्लॉट पाडायचे तर रेखांकन, म्हणजेच ले-आऊट, मंजूर करून घ्यावं लागतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. फाईल नेमकी कशावर अडते हे मात्र ती परत आल्यावरच कळतं. म्हणून इथे अर्ज कसा भरायचा यापेक्षा तो का अडतो यावरच जास्त लिहितो.

आधी तो एनएचा घोळ मिटवू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. गंमत म्हणजे दोन्हींत कलम ४४ आहे. महसूल कायद्यातलं ४४ जमिनीचा वापर बदलण्याचं, म्हणजे आपल्या भाषेत एनएचं. नगररचना कायद्यातलं ४४ विकास परवानगीच्या अर्जाचं, आणि ले-आऊट याच कलमाखाली येतो. "चव्वेचाळीसची ऑर्डर आहे" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जमीन बिनशेती झाली म्हणजे तिच्यातले प्लॉट, रस्ते आणि मोकळी जागा मंजूर झाली असं नाही. उलट महसूल कायद्यात कलम ४२-अ ते ४२-ड आल्यापासून विकास आराखड्यातल्या वर्ग १ च्या (विक्रीवर शासनाचे निर्बंध नसलेल्या) जमिनीला किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळा एनए आदेश लागत नाही, शासनाचं देणं भरलं की भागतं. रेखांकन मंजुरीतून मात्र सुटका नाही.

अर्ज कुणाकडे करायचा? महापालिका असेल तर तिच्या नगररचना विभागाकडे, नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे, प्राधिकरणाचं क्षेत्र असेल तर प्राधिकरणाकडे आणि यातलं काहीच नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, जे नगररचना कार्यालयाचा अभिप्राय घेऊन निर्णय देतात. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा ना-हरकत म्हणजे ले-आऊटची मंजुरी नव्हे. नियम बघायचे ते एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर हीच चालते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, नाहीतर खिडकीवरचा माणूस गोंधळतो.

जमीन बसते का?

पहिला कागद झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या विभागात येते त्याचा दाखला, आणि त्याच्यासोबत भाग नकाशा. नकाशाची फी भरण्याआधी, आर्किटेक्टला ॲडव्हान्स देण्याआधी हा काढा. जमीन शेती विभागात असेल आणि गावठाणालगतच्या सवलतीत बसत नसेल, तर पुढचं सगळं वाया जातं. "शेजारच्या गटात प्लॉट पडलेत की" हे कारण टेबलावर चालत नाही. शेजारचे प्लॉट बहुधा स्टँपपेपरवर पडलेले असतात. दाखल्यात एखादा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) किंवा आरक्षण निघालं तर घाबरून जाऊ नका, पण ते लपवून नकाशाही काढू नका. ते क्षेत्र आधी वजा होतं आणि उरलेल्यावर पुढचं गणित चालतं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर शासनाचे निर्बंध) लिहिलं असेल तर आधी महसूलकडे जावं लागेल. वतन, इनाम, शासनाने दिलेली किंवा कुळकायद्याने मिळालेली जमीन, प्रत्येकीची वाट निराळी. कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल आणि खरेदी प्रमाणपत्राला १० वर्षं होऊन गेली असतील, तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विक्रीवरचा निर्बंध सुटतो. रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते. लोक शेरा तसाच ठेवून फाईल टाकतात आणि मग सहा महिने "वरून काहीतरी अपेक्षा आहे" म्हणत बसतात. अपेक्षा चलनाची असते, बाकी काही नाही.

रस्ता, रस्ता आणि रस्ता

कुणाकडेच नसतो असा एक कागद सांगा म्हटलं, तर मी पोहोच रस्त्याचा पुरावा सांगेन. जमिनीपर्यंत ट्रॅक्टर जातो, ऊस निघतो, आजोबांपासूनची वहिवाट आहे, हे सगळं खरं. पण ती वाट कागदावर कुठे आहे? नगररचना कार्यालयाला ती गाव नकाशावर हवी असते, विकास आराखड्यात हवी असते, नाहीतर ज्यांच्या जमिनीतून ती जाते त्यांनी नोंदणी करून दिलेला दस्त हवा असतो.

इथे हमखास एक चूक होते. तहसीलदारांकडून महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळवलेला असतो, किंवा अडवलेली वाट मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने मोकळी करून घेतलेली असते. तो आदेश जोडला की झालं, असं वाटतं. ती वाट तुम्हाला शेत कसायला मिळालेली असते. वीस-पंचवीस कुटुंबांच्या गाड्या, पाण्याची लाईन आणि गटार नेण्याचा हक्क त्यात नाही. शिवाय तिची रुंदी गाडीवाटेएवढी. म्हणून फाईलवर शेरा पडतो : "पोहोच मार्गाबाबत खुलासा करावा." या एका ओळीने किती जणांची वर्षं खाल्ली आहेत, ते त्यांनाच ठाऊक. खुलासा म्हणजे पत्र लिहून "रस्ता आहे" असं कळवणं नव्हे. खुलासा म्हणजे दस्त.

शेजाऱ्याकडून रस्ता लिहून घ्यायचा असेल तर प्लॉट पाडायची कुणकुण लागण्याआधी घ्या, आणि नोटरीवर नको, दुय्यम निबंधकाकडेच घ्या. दस्तात रुंदी मीटरमध्ये लिहा, गट नंबर लिहा, रस्ता पुढे प्लॉटधारकांनाही वापरता येईल असं स्पष्ट लिहा. "येण्या-जाण्यास हरकत नाही" एवढं एक वाक्य लिहून आणलेले दस्त मी पाहिलेत आणि ते परत गेलेलेही पाहिलेत.

आतले रस्तेही असेच दमवतात. ले-आऊटमधला रस्ता १५० मीटरपर्यंत लांब असेल तर ९ मीटर रुंदी धरतात. त्याहून लांब गेला की १२ आणि ३०० मीटरच्या पुढे १५. सहा मीटरचा बोळ काढून प्लॉट वाढवण्याचा मोह आवरा. नकाशा छाननीतच परत येईल.

एक एकरवाल्यांनी इथे थांबावं

०.४ हेक्टर किंवा त्याहून जास्त क्षेत्र असलं की १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. "आमचं एकच एकर आहे, आम्हाला कशाला?" हा प्रश्न रोजचा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. ०.४ हेक्टर म्हणजे ४०००. तुम्ही ४७ चौरस मीटरने आत आहात. आता हिशेब करा. मोकळी जागा सुमारे ४ गुंठे. ९ मीटर रुंदीचा १०० मीटर रस्ता काढला तर जवळपास ९ गुंठे. विकायला उरले २७. बोलणी मात्र ४० गुंठ्यांच्या भावाने होऊन बसलेली असतात.

डीपी रोड किंवा आरक्षण वजा जाऊन क्षेत्र ४००० च्या खाली आलं तर गोष्ट निराळी. भावाभावांच्या नावे घाईघाईने सातबारे फोडून खाली आणण्याची युक्ती मात्र जुनी झाली. फेरफार उघडले की मूळ क्षेत्र दिसतंच.

ही मोकळी जागा प्लॉटधारकांच्या वापराची, ती नंतर विकता येत नाही. ती शक्यतो एकत्र हवी आणि तिथवर जायला रस्ता हवा. ओढ्याकाठचा त्रिकोण, विजेच्या तारांखालची पट्टी किंवा ज्याला गिऱ्हाईक मिळणार नाही असा कोपरा "ओपन स्पेस" म्हणून रंगवून दिला की नकाशावर लाल पेन फिरणारच. इथे माझी सहानुभूती कार्यालयाच्या बाजूने आहे.

क्षेत्र कोणतं धरायचं

सातबाऱ्यावर ८० आर (आर म्हणजे साधारण एक गुंठा), मोजणीत ७८, जागेवर ७७. कोणतं घ्यायचं? तिन्हींतलं सर्वात कमी. क्षेत्राच्या तक्त्यातच तसं लिहिलेलं असतं, तरीही दर वेळी सातबाऱ्याचा आकडा भरला जातो. म्हणून मोजणी आधी करा, नकाशा मागाहून. भूमी अभिलेखची मोजणी झाल्यावर मिळणारी "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, जोडावी लागते. खाजगी सर्व्हेअरची ड्रॉइंग कितीही सुबक असो, ती तिची जागा घेत नाही. मोजणीची तारीख मिळायला लागणारा वेळ आणि त्या दिवशी लगतधारक न आल्याने होणारी पुढची तारीख, याबद्दल मी काही बोलत नाही. रक्तदाब वाढतो.

सगळ्यांच्या सह्या

सातबाऱ्यावर नाव आहे त्या प्रत्येकाची सही, किंवा त्याने दिलेलं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी वारस नोंद नाही, आत्याचं नाव आहे पण "ती काही मागत नाही", धाकटा भाऊ परदेशात, इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा तसाच. ही सगळी घरातली कामं आहेत, कार्यालयातली नाहीत. आत्या मागत नसेल तर तिला मान देऊन हक्कसोड नोंदवून घ्या. मागत असेल तर तिचा हिस्सा द्या. तिचं नाव गाळून प्रतिज्ञापत्र मात्र करू नका. ते खोटं ठरतं आणि पुढे प्लॉट घेणाऱ्याच्या गळ्याशी येतं.

जवळून नदी किंवा मोठा ओढा जात असेल तर जलसंपदा विभागाकडून पूररेषा आखलेला नकाशा लागेल. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट धरूच नका. उच्चदाबाच्या तारा जात असतील तर वीज कंपनीचं अंतराचं पत्र. बाकी नेहमीचंच : चालू सातबारा, ८अ, जुने फेरफार, गट नकाशा, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा नकाशा, छाननी शुल्क. अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि तो तुमचा आर्किटेक्टच भरतो. लॉगिनवर मोबाईल नंबर त्याचा असेल तर त्रुटीचा मेसेजही त्यालाच जातो, एवढं लक्षात ठेवा. नंबर तुमचा टाकायला सांगा.

दोन मंजुऱ्या, तीन तारखा

छाननी झाली की आधी तात्पुरती मंजुरी मिळते. तिच्याप्रमाणे जागेवर रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉट आखायचे, भूमी अभिलेखकडून पुन्हा मोजून घ्यायचं आणि त्या मोजणीवर अंतिम रेखांकन मंजूर होतं. विक्री अंतिमवर. तात्पुरत्यावर खरेदीखतं केली आणि मोजणीत प्लॉट क्रमांक सरकले, की सात नंबरवाल्याचा आठ होतो आणि आठवाला कोर्टात जातो.

आता तारखा. नगररचना कायद्याचं कलम ४५ म्हणतं, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. हे वाक्य गावोगाव पोहोचलंय, त्याचा उत्तरार्ध पोहोचलेला नाही. कार्यालयाने मधे त्रुटी काढली असेल तर ६० दिवस तुम्ही उत्तर दिल्यापासून मोजले जातात. आणि मानीव परवानगी फक्त नियमांत बसणाऱ्या नकाशाला मिळते. नऊच्या जागी सहा मीटर रस्ता दाखवून ६१ व्या दिवशी जेसीबी आणलात, तर ते बांधकाम अनधिकृतच ठरतं. ५९ व्या दिवशी त्रुटीपत्र काढायची काही कार्यालयांची हातोटी वाखाणण्यासारखी आहे, पण त्याने कायदा बदलत नाही. प्रत्येक उत्तराची पोच तारखेसह जपा.

परवानगी एका वर्षाची असते. काम सुरू झालं नसेल तर वर्ष संपण्याआधी नूतनीकरण मागायचं, तेही जास्तीत जास्त ३ वेळा. "चार वर्षांची आहे" असं ऐकून स्वस्थ बसलेल्यांची परवानगी पहिल्याच वर्षी गेलेली असते. आणि अर्ज फेटाळला तर कलम ४७ खालचं अपील निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत करायचं. त्यातले तीस दिवस कुणा ओळखीच्या माणसाला भेटण्यात घालवू नका.

अंतिम मंजुरीनंतरही एक टप्पा राहतो आणि तो बहुतेक जण विसरतात. भूमी अभिलेखकडे कमी-जास्त पत्रक करून घ्यायचं, म्हणजे प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघतो. हे न केल्याने मंजूर ले-आऊटमधले प्लॉटही एकाच सामाईक सातबाऱ्यावर राहतात आणि बँक कर्जाची फाईल परत पाठवते. प्लॉट विकायचे असतील आणि जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा प्लॉट ८ पेक्षा जास्त असतील, तर जाहिरात करण्याआधी महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी. "बुकिंग चालू" हा फ्लेक्ससुद्धा जाहिरातच असतो.

राहता राहिला गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे तुकडे नियमित करण्याच्या कायद्याचा, आधार. २००१ चा तो कायदा २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पाडलेल्या तुकड्यांना लागू केला आहे. आज एक-दोन गुंठे पाडून "पुढे गुंठेवारीत बसवू" असं कुणी सांगत असेल, तर त्याला ही तारीख दाखवा आणि इसार परत मागा.