दिवा पेटून राहतो की आधी लुकलुकतो? टायरमधली हवा, सेन्सर आणि जुन्या गाडीची वॉरंटी

जुनी गाडी घेतल्यावर काही दिवसांतच मीटरवर घोड्याच्या नालासारखी पिवळी खूण दिसते, मधोमध उद्गारचिन्ह. खूण एकच, पण तिचे अर्थ दोन. टायरमधली हवा कमी झाली, हा पहिला. हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली, हा दुसरा. पहिल्याचा इलाज पंक्चरवाल्याकडे आणि आपल्या पैशाने होतो. दुसऱ्याचा सर्व्हिस सेंटरमध्ये, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बहुधा फुकट. यात गल्लत झाली की ठरलेला प्रकार घडतो: सर्व्हिस सेंटरवाले हवा भरतात, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसतात, जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहितात. वॉरंटीचे दिवस मात्र संपत जातात.

फरक कळतो तो गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दीड मिनिटात. इग्निशन देताच सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागतात, ते सोडून द्या. त्यानंतर हा दिवा न लुकलुकता पेटून राहिला, तर हवा कमी आहे. तो ६० ते ९० सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेत बिघाड आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १३८ या वाहन-सुरक्षेच्या नियमात ही लुकलुक ठरवून दिलेली आहे आणि आपल्याकडच्या पुष्कळ गाड्याही तीच पद्धत पाळतात. काही गाड्यांत लुकलुकण्याऐवजी स्क्रीनवर लेखी सूचना येते किंवा आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघाच. घोटाळा होतो तो दीड मिनिटानंतर. तेव्हा दोन्ही दिवे सारखेच दिसतात, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी बघणारा माणूस नेमका त्यानंतरच येतो.

हवा कमी असल्याचा दिवा लागला, की सेन्सरवर संशय घेऊ नका, तो त्याचं काम करतोय. त्याच अमेरिकी नियमानुसार हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेली की इशारा मिळायला हवा. म्हणजे दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय असेल, तर दिवा साधारण २५ च्या आसपास लागतो. २८ वर आलेला टायर कमी हवेवर चालत असूनही दिवा गप्प राहू शकतो. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब एक ते दोन पीएसआयने घटतो. त्यामुळे डिसेंबरात नाशिकला पहाटे लागलेला दिवा दुपारी आपोआप विझला, तर हवा काठावर आहे एवढंच समजायचं. टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा. पहाटेच्या गारठ्यात दिवा *लुकलुकतो* आणि दुपारी ठीक असतो, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे सेन्सरची बॅटरी उतरत आली असण्याची शक्यता मोठी, कारण थंडीत कमकुवत बॅटरी आधी दम सोडते.

बिघाडाकडे वळण्याआधी गाडीत यंत्रणा कोणती आहे हे बघा. फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा कुशाक आणि टाटाच्या काही मॉडेलांत चाकात सेन्सर नसतोच. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकाचा वेग मोजतात, कमी हवेचं चाक किंचित जास्त फिरतं आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. अशा गाडीत हवा भरल्यावर मेन्यूतून रीसेट करावं लागतं. त्यासाठी कोणी ‘चारही सेन्सर बदलावे लागतील’ म्हणाला तर नाही म्हणा. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा वेगळा दिसत असेल, तर सेन्सर खरोखर चाकातच आहेत, व्हॉल्व्हच्या मुळाशी रिमच्या आतल्या बाजूला.

चाकातला सेन्सर म्हणजे एक सीलबंद डबी. आत लिथियमची छोटी बॅटरी असते, ती साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि बदलता येत नाही, डबीच बदलावी लागते. आपल्याकडे हे सेन्सर गाडीशी ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. अमेरिकेतून मागवलेला ३१५ मेगाहर्ट्झचा स्वस्त सेन्सर बसेल, पण गाडीला तो ऐकूच येणार नाही.

वॉरंटीचा खरा वाद इथे येतो, कारण सेन्सर का गेला यावरच सगळं ठरतं. आतलं सर्किट किंवा बॅटरी अकाली गेली, तर तो उत्पादनातला दोष. टायर काढताना लोखंडी सळी लागून डबी फुटली, पंक्चरसाठी टाकलेल्या द्रवाने दाब मोजण्याचं छिद्र बुजलं, किंवा ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातल्याने ती गंजून अडकली, तर कंपनी हात वर करते आणि त्यात तिचं चुकत नाही. तीन वर्षांच्या आत बॅटरी संपली असेल आणि त्याला ‘झीज’ म्हटलं जात असेल, तर ऐकून घेऊ नका. बॅटरी सेन्सरचाच अविभाज्य भाग आहे आणि एवढ्या लवकर संपणं सर्वसाधारण नाही.

जुन्या गाडीत आणखी दोन शक्यता असतात, आणि दोन्हींत सेन्सर निर्दोष असतो. आधीच्या मालकाने बाहेरून अलॉयची चाकं बसवताना सेन्सर मूळ रिममध्येच ठेवलेले असू शकतात. किंवा स्टेपनी लावलेली असते. स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे ती गाडीला लावलेली असेपर्यंत दिवा लुकलुकणारच. गाडी घेण्याआधी इग्निशन देऊन हा दिवा दोन मिनिटं बघितला, तर ही भानगड सौद्याच्या किमतीतच मिटवता येते.

वॉरंटी गाडीसोबत जाते, पण मोजली जाते पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसापासून. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, त्याआधी विकलेल्या गाड्यांना २ वर्षं किंवा ४०,००० होती. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तारीख काढा. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल तर ती तुमच्या नावावर झाली आहे का तेही विचारा. जुन्या गाड्या विकणारे स्वतःची जी वॉरंटी देतात, ती अनेकदा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरतीच असते. सेन्सर त्यात आहे का हे पावतीवर नाही, अटींच्या यादीत कळतं.

तक्रार नोंदवायची पद्धत महत्त्वाची. आधी चारही टायरमध्ये थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा. गाडी १५-२० मिनिटं ताशी ३० किलोमीटरच्या वर चालवा, मग अर्धा तास उभी करा. पुन्हा सुरू करताना ओडोमीटरसह मीटरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. जॉब कार्डवर ‘टायरचा लाइट लागतो’ एवढंच लिहू देऊ नका. तिथे असं लिहायला लावा: ‘इग्निशन दिल्यावर दिवा सुमारे एक मिनिट लुकलुकतो, मग स्थिर होतो, चारही टायरमध्ये ३३ पीएसआय आहे.’ कोड पुसण्याआधी स्कॅनरवर दिसणारा प्रत्येक चाकातल्या सेन्सरचा आयडी (ओळख क्रमांक), दाब, तापमान आणि बॅटरीची स्थिती यांचा फोटो घ्या. एकाच चाकाचा आकडा गायब असेल तर सेन्सर गेला. चारही गायब असतील, तर संशय सेन्सरचे संदेश ऐकणाऱ्या गाडीतल्या रिसीव्हरवर किंवा वायरिंगवर घ्यावा लागतो.

दुरुस्तीत टायर व्हॉल्व्हपासून दूरच्या बाजूने उतरवायला सांगा. सेन्सरबरोबर नवं सील यायला हवं, व्हॉल्व्हचा नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळायला हवा आणि नवा आयडी गाडीत नोंदवल्याशिवाय दिवा जाणार नाही. शेवटी चाकाचं बॅलन्सिंग. त्याचे पैसे तुमच्याकडून घेणार का, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, काढलेल्या सेन्सरच्या फोटोसह. मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, तिथेही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. तिथे लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ आणि नीट लिहिलेलं जॉब कार्ड, हेच दोन पुरावे उपयोगी पडतात.