मे महिन्यात फ्लशची टाकी जास्त का गळते?

"उन्हाळा लागला की आमची फ्लशची टाकी जास्त गळते," असं आमच्या लेआउटमधल्या एका काकू म्हणाल्या. प्लंबर हसला. "काकू, टाकीला का ऊन लागते?" विषय तिथेच संपला. पण काकूंचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामागचं गणित मला इतकं आवडतं की आज ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टाकीत गळायच्या जागा मुळात दोनच. वरून पाणी आत घेणारा बॉल कॉक आणि तळाचं भोक झाकणारा रबरी वायसर. बॉल कॉक नीट बंद होत नसेल तर पाणी चढत जातं आणि मधल्या उभ्या नळीतून कमोडमध्ये उतरतं. झाकण काढलं की हे डोळ्यांनी दिसतं, फ्लोट जरा खाली घेतला की बहुतेक वेळा भागतं. त्यात फार काही नाही.

वायसरची गळती मात्र लबाड. थेंब नाही, आवाज नाही. कमोडच्या मागच्या उतारावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत असतो. रात्री दोनला रिकाम्या संडासात टाकी आपोआप भरायला लागते आणि मनात नाही नाही ते येतं, तेही हिचंच काम. पातळी थेंबाथेंबाने उतरते, पुरेशी उतरली की बॉल कॉक उघडतो, इतकंच. खात्री करायची तर टाकीत कपड्यांची पातळ नीळ किंवा जिलेबीचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला की वायसर गळतोय. (हळद टाकू नका. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते.)

आता माझ्या आवडीचा भाग. टाकीत पाणी साधारण २० सेंटिमीटर उभं आहे आणि तळाचं भोक ५ सेंटिमीटर व्यासाचं आहे असं धरू. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे २००० पास्कल. भोकाचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ४ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतकं बळ वायसरला खाली रेटत असतं. पण हे सगळं बळ पेलते ती कडेची दोनेक मिलिमीटर रुंदीची गोल पट्टी. तिचं क्षेत्रफळ जेमतेम ३ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे रबर आणि बैठक (भोकाची कड, जिच्यावर वायसर टेकतो) यांच्यामधला दाब पाण्याच्या दाबाच्या सहापट होतो. आत घुसू पाहणाऱ्या पाण्याची वाट पाण्याचंच वजन अडवून धरतं. स्प्रिंग नाही, आवळायचा स्क्रू नाही.

हा बंदोबस्त बिघडायला वाळूचा एक कण पुरतो. नागपुरात मात्र कणापेक्षा क्षार जास्त त्रास देतात. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. लेआउटमधल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी चांगलंच जड. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. खडूसारखा तो पांढरा थर बैठकीच्या कडेवर बसतो आणि वायसर एका बाजूने केसभर उचलला जातो.

केसभर म्हणजे किती? फट १ सेंटिमीटर लांब आणि ०.०५ मिलिमीटर उंच आहे असं समजा. इतक्या चिंचोळ्या वाटेने पाणी उसळत नाही, थराथराने सरकतं. वरचा थर रबराला चिकटलेला, खालचा बैठकीला, मधलेच काय ते पुढे जातात. अशा प्रवाहाचा नियम सांगतो की गळती फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट. हिशेब मांडला तर ०.०५ मिलिमीटरच्या फटीतून २० अंशांचं पाणी दिवसाला ९ लीटरच्या आसपास जातं. फट ०.१ मिलिमीटर झाली की तेच ७० लीटरच्या घरात पोचतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लीटर पाणी लागतं असं सरकारी नियोजन धरतं. त्यातलं निम्म्याच्या जवळपास पाणी आपल्याला न दिसलेल्या एका कडेतून गेलं. "पहिले तर थोडंच गळत होतं, मग एकदम वाढलं," अशी तक्रार सगळेच करतात. एकदम काही झालेलं नसतं. थर हळूहळूच वाढतो, घन मात्र धावत सुटतो.

याच सूत्रात खाली, भागाकाराच्या जागी, पाण्याची चिकटपणाची राशी बसलेली आहे. पाकासारखंच आहे हे: गार झाला की घट्ट, तापला की पातळ. पाण्यात हा फरक आपल्या हाताला जाणवत नाही, पण अरुंद फटीला जाणवतो. १५ अंशांवर पाण्याची चिकटता १.१४ एकक, ४० अंशांवर ०.६५. जानेवारीच्या पहाटे जी फट दिवसाला ८ लीटरच्या गतीने गळत होती, तीच नवतपात (मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत), गच्चीवरच्या काळ्या टाकीतून तापून आलेल्या पाण्याने, १४ लीटरच्या गतीने गळते. वायसर तोच, थर तोच, फरक फक्त तापमानाचा. तापल्यावर रबर थोडं मऊ पडून बैठकीला बरं चिकटतं हेही खरं, पण क्षाराचा कण दबत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

फ्रान्सच्या ज्याँ पॉइझय या डॉक्टरने १८४० च्या आसपास बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून अशाच प्रवाहाचे नियम शोधले. त्याला रस रक्ताच्या केशवाहिन्यांत होता. गोल नळीत तर घनही नाही, चौथा घात लागतो. इथे थांबतो, नाहीतर उरलेले वाचकही जातील.

गळतं पाणी घरातली लक्ष्मी नेतं, टाकी अमुक दिशेला करा, असे वास्तूचे निरोप मोबाइलवर फिरतात. लक्ष्मी जाते ती बोअरच्या मोटारीच्या विजेच्या बिलातून, आणि मोटारीला दिशा कळत नाही. पाइपवर बसवायची चुंबकाची कडी विकणारेही दारात येतात. क्षार मऊ करतो म्हणतात. पैसे देण्याआधी वापरण्यापूर्वीचा आणि नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

दुरुस्ती अशी. टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. आजकालच्या दोन बटणांच्या सेटमध्ये मधला मनोरा पाव वळसा फिरवून वर निघतो. ओढाताण करू नका, प्लास्टिकच्या खाचा तुटतात. तळाशी वायसर दिसेल. बोटाने कड चाचपा; खरखर लागली तर क्षार आहे. गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून वायसर त्यात अर्धा तास ठेवा आणि बैठकीवर त्याच पाण्यात बुडवलेलं फडकं दाबून ठेवा. बुडबुडे येतील, मघाशी थर बसताना निसटला तोच वायू आता निघतोय. मग जुन्या टूथब्रशने घासा. सुरीने खरवडू नका, पडलेला ओरखडा ही नवी फट असते. फरशीचं अ‍ॅसिड तर नकोच. ते रबर आणि धातू खातं, आणि ब्लीचिंगसोबत चुकून मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्याही टाळा, रबर सतत त्या पाण्यात राहून कडक होतं.

साफ करूनही गळत असेल तर वायसर उलटा करून बघा. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या प्रकारात नवी बाजू मिळते. तरीही नाही तर बदला. "पूरा सेट बदलून टाका" या सल्ल्याला एकदम होकार देऊ नका. जुना वायसर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा, कारण सांगितलेल्या मापाचा वायसर दरवेळी बसतोच असं नाही. आतला आणि बाहेरचा व्यास शेजारी ठेवून जुळवा, जाडीही बघा. नवा बसवल्यावर पुन्हा निळीची परीक्षा घ्या, आणि ती दुपारी, टाकीत तापलेलं पाणी असतानाच.