मेरिडनच्या ऑर्डर-वह्या आणि जुन्या दुनळ्या

पार्कर या अमेरिकी कंपनीची जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्यांची बंदूक, विकायला निघाली की हल्ली पहिला प्रश्न येतो, 'कागद आहे का?' कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडनच्या कारखान्यात लिहिल्या गेलेल्या ऑर्डर-वह्यांवरून तयार केलेलं पत्र, म्हणजे हा कागद. बंदुकीचा क्रमांक कळवायचा, फी भरायची, की ती कोणी मागवली, कशी मागवली आणि केव्हा रवाना झाली हे लिहून येतं. लिलावात या पत्राला जे वजन आलं आहे ते वह्यांच्या कुवतीपेक्षा जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारखान्याचा सुरुवातीचा इतिहास जाणकारांना पाठ असतो. कॉफी दळायची यंत्रं करणाऱ्या घराण्याने अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात लष्करी बंदुकांचं काम घेतलं आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस छऱ्यांच्या दुनळीकडे मोर्चा वळवला. पुढे बिनघोड्याची (ठोकणारा घोडा आत दडलेली) बंदूक आली, १९०२ मध्ये झाडलेली काडतुसं आपोआप बाहेर फेकणारे इजेक्टर आले, १९१२ मध्ये ट्रोजन ही स्वस्त प्रत, म्हणजे दर्जा, आली. सगळ्या मिळून सुमारे २ लाख ४२ हजार बंदुका झाल्या.

वह्या मात्र कारखान्याने इतिहासासाठी लिहिल्या नव्हत्या. माल कोणाला, कसा आणि कधी पाठवायचा, एवढ्यापुरत्या त्या होत्या. म्हणून नोंदी बंदुकीच्या क्रमांकाने लागत नाहीत. ऑर्डर आल्या त्या ओळीने लागतात. क्रमांकावारी लावलेल्या साठ्याच्या वह्या वेगळ्या. दोन्हींची सांगड घालायची तर कोणीतरी बसून पान न् पान वाचायला हवं. संग्राहकांनी ते केलं, आणि हे काम खरोखर मोठं आहे. सगळ्या वह्या टिकलेल्या नाहीत, हेही इथेच लक्षात ठेवायला हवं.

नोंद भरलेली असली की वाचताना हरखून जायला होतं. डी. एच. प्रत (डी दर्जाची, बिनघोड्याची), बारा बोअर, २८ इंची नळ्या, उजवी मोकळी आणि डावी पूर्ण चोक (तोंडाशी आवळलेली), दस्त्याची लांबी १४ इंच, सरळ पकड, अशा थाटात ग्राहकाचा खांदा आणि गालच कागदावर उतरलेला असतो. कधी ४० यार्डांवरच्या ३० इंची वर्तुळात किती छरे पडायला हवेत याचीही मागणी असते. नाव मात्र बहुतेक वेळा दुकानदाराचं असतं. पणजोबांचं नाव सापडेल या आशेने पत्र मागवणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

आता खरा वाद. गिऱ्हाईक आपली बंदूक कारखान्याकडे परत पाठवत असे. कधी नव्या दस्त्यासाठी, कधी नव्या नळ्यांसाठी. धूरविरहित दारू रुळल्यावर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांवरचा भरवसा उडाला आणि पोलादी नळ्या बसवून घेण्याकडे कल वाढला. समजा, १८९५ च्या सुमाराची डी प्रतीची बंदूक आहे. वहीत 'दमास्कस' लिहिलंय आणि हातातल्या बंदुकीला टायटॅनिक स्टीलच्या नळ्या आहेत (पोलादाचं हे नाव जहाजाच्या आधीपासूनचं आहे). तिला अस्सल म्हणायचं की नाही?

एक गट म्हणतो, पहिल्या दिवशी कारखान्यातून जशी निघाली तशीच बंदूक अस्सल. दुसरा म्हणतो, त्याच कारखान्याने, त्याच हातांनी केलेला बदल अस्सलपणाला बाध आणत नाही. मी दुसऱ्या गटात आहे. वीस-तीस वर्षं वापरातली वस्तू तिच्या जन्मघरी जाऊन सुधारून आली तर तो तिच्याच आयुष्याचा भाग आहे. पण बाजार पहिल्या गटाचं ऐकतो. दुरुस्तीच्या ऑर्डरीही याच वह्यांत चढवल्या जात. ती नोंद सापडली तर मालक सुटतो. ते पानच हरवलेलं असेल तर पत्र गप्प राहतं, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ सर्रास 'कोणीतरी बाहेर नळ्या बदलल्या' असा लावला जातो. हा सरळ अन्याय आहे. हरवलेलं पान म्हणजे मालकाविरुद्धचा पुरावा नव्हे.

उलट बाजूही तितकीच घातक आहे. पत्र क्रमांकाविषयी बोलतं, समोरच्या लोखंडाविषयी नाही. नोंदीशी क्रमांक जुळला, पण नक्षीकाम नंतर कोणी नव्याने कोरलं असेल किंवा दस्ता कालच बसवला असेल तर वहीला ते कसं कळणार? म्हणून आधी बंदूक उघडून पाहावी. नळ्या काढल्या की त्यांच्या सपाट बुडावर क्रमांक असतो, चौकटीवर, म्हणजे नळ्या जिच्यात बसतात त्या धातूच्या भागावर, प्रतीचा आकडा असतो (डी प्रतीसाठी ३), आणि नळ्यांच्या बुडाशी चौकटीचा आकार व घासून हलक्या करण्याआधीचं नळ्यांचं वजन पौंड-औंसांत ठोकलेलं असतं. आजचं वजन त्यापेक्षा फारच कमी भरलं तर आतून धातू काढला गेल्याची शंका घ्यावी. हे कुठलंच पत्र सांगत नाही.

१९३४ मध्ये रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कंपनीने हा धंदा विकत घेतला, आणि काही वर्षांत काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. रेमिंग्टनच्या हाताखालून गेलेल्या नळ्यांवर महिना आणि वर्ष सांगणारी अक्षरं सापडतात. बारा महिन्यांसाठी 'ब्लॅकपावडर' या इंग्रजी शब्दाची अकरा अक्षरं आणि बारावं एक्स. हरवलेल्या पानाची थोडीफार भरपाई या दोन अक्षरांनी होते. दुसऱ्या महायुद्धात पार्करचं उत्पादन थांबलं. इलियनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला.

तारखेचं महत्त्व वाढायला अमेरिकेचा १९६८ चा कायदाही कारण आहे. १८९८ किंवा त्याआधी तयार झालेलं हत्यार तिथे पुराणवस्तू ठरतं आणि संघराज्याच्या बऱ्याच नियमांतून सुटतं. त्यामुळे १८९८-९९ च्या सीमेवरच्या क्रमांकांसाठी पत्राची मागणी जास्त. पण वहीतल्या तारखा ऑर्डरीच्या आणि रवानगीच्या असतात. चौकट कधी तयार झाली ते त्यावरून थेट कळत नाही. १८९९ च्या वसंतात रवाना झालेल्या बंदुकीची चौकट आदल्या वर्षीची असू शकते.

भारतात अशी सालाची रेघ नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट मिळते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तर. शंभर वर्षांची चालती दुनळी परवान्यावरच राहते, मग कारखान्याचं पत्र काहीही म्हणो. आपल्याकडच्या घराण्यांत वारशाने आलेल्या बंदुका बहुतेक इंग्लंडच्या. तिथल्या काही जुन्या कंपन्यांच्या वह्याही शाबूत आहेत आणि विचारपूस याच पद्धतीने होते. मात्र क्रमांक नुसता परवान्यावरून उतरवून पाठवू नये. नळ्यांवर आणि चौकटीवर तोच आहे ना, हे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्यावं आणि मगच फी भरावी.