फळमाशीला मारताना मित्रकीटक वाचवण्याची गोष्ट

१८८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा आइसेरिया या खवले किडीने पांढऱ्याफटक पडल्या होत्या. १८८८मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांनी धाडलेल्या व्हेडालिया नावाच्या इवल्याशा लाल-काळ्या ढालकिड्याने दोनेक वर्षांत ती कीड आटोक्यात आणली. जैविक कीडनियंत्रणाचं हे पहिलं मोठं यश. दुसऱ्या महायुद्धानंतर बागांत डीडीटी हे रासायनिक कीटकनाशक आलं, ढालकिडे मेले आणि आइसेरिया पुन्हा उसळली. लिंबूवर्गीय बागेत सरसकट फवारा मारणं किती महागात पडतं, ते तेव्हाच कळून चुकलं.

फळमाशीचं दुखणं मात्र अवघड. मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते आणि तिथवर स्पर्शाने मारणारं औषध पोचत नाही. तिला अंडी घालण्याआधीच गाठायला हवं. १९२९मध्ये फ्लोरिडात भूमध्य फळमाशी सापडली, तेव्हा साखर आणि काकवीत आर्सेनिकचं विष कालवून फवारलं होतं. विष जालीम होतं, पण आमिष कच्चंच होतं.

कलाटणी मिळाली ती माशीची भूक ओळखल्यावर. कोशातून नुकत्याच निघालेल्या मादीची अंडी तयार नसतात. त्यांच्यासाठी तिला प्रथिनं लागतात, म्हणून ती पानांवरचा चिकटा, जिवाणू, पक्ष्यांची विष्ठा चाटत हिंडते. १९५०च्या सुमारास हवाईत कीटकशास्त्रज्ञ स्टायनर यांनी प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची पायरी हीच. नरांना ओढणारं मिथिल युजेनॉल हे रसायन त्याआधीच, १९१०च्या दशकात, बिहारमधल्या पुसा इथे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांच्या कामातून पुढे आलं होतं. पण भूमध्य माशी त्याला भुलत नाही.

तरीही आमिषातलं विष होतं मेलाथिऑन हे रासायनिक कीटकनाशक. १९५६मध्ये फ्लोरिडावर आणि १९८१मध्ये कॅलिफोर्नियावर ते आकाशातून पडलं, आणि त्याच्या तडाख्यात किडींवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या, म्हणजे मित्रकीटकही, सापडल्या.

पुढे स्पिनोसॅड हे कीटकनाशक आलं. कॅरिबियन बेटावरच्या बंद पडलेल्या रमच्या भट्टीजवळ १९८२मध्ये घेतलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. ते पोटात गेल्यावर अधिक प्रभावी, त्यामुळे आमिषात चपखल बसतं. थेट अंगावर पडलं तर मात्र मधमाश्या आणि परोपजीवी त्यानेही मरतात. म्हणूनच ते फुलांवर न मारता, झाडाच्या थोड्याच पानांवर ठळक थेंबांत टाकतात. पाऊस झाला की ते पुन्हा द्यावं लागतं.