एम.एस्सी. (संशोधनाद्वारे)

लेखी परीक्षांवर भर न देता, मार्गदर्शकाच्या हाताखाली केलेल्या मूळ प्रयोगकार्याचा प्रबंध सादर करून मिळविलेली विज्ञानातील पदव्युत्तर पदवी. मुंबईत तिला ‘बाय रिसर्च’ आणि परीक्षेच्या एम.एस्सी.ला ‘बाय पेपर्स’ म्हणण्याची रीत होती.

या पदवीच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. मुंबई विद्यापीठ (स्था. १८५७) लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे होते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने अध्यापन-संशोधनाची वाट मोकळी केली, १९२० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाली, आणि त्यातून प्रबंधाची पदवी रुजली, हे एक मत. दुसरे असे की, पदवी देण्याचा अधिकार नसलेल्या संशोधनसंस्थांतील कामाला विद्यापीठाची मोहोर हवी होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला (स्था. १९०९) अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदव्या देण्याचा, दर्जा १९५८ मध्ये मिळाला, तोवर तेथील विद्यार्थी इतर विद्यापीठांकडे प्रबंध देत. दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत. तथापि दुसऱ्याचा पुरावा अधिक ठोस आहे.

तो पुरावा कमला भागवत (पुढे सोहोनी) यांचा. मुंबईची बी.एस्सी. घेऊन त्या १९३३ मध्ये बंगळूरला गेल्या. केवळ स्त्री म्हणून संस्थेचे तेव्हाचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रथम नाकारले, मग वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर घेतले. हा अन्याय नोंदीत राहायलाच हवा. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवरील त्यांच्या कामाला मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एस्सी. दिली. केंब्रिजहून पीएच.डी. (१९३९) घेऊन परतल्यावर त्या पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या.

अशा पदवीत प्रयोगवहीचे मोल मोठे. पाने क्रमांकित, चुकलेले वाचन पुसायचे नाही, एका रेघेने खोडायचे, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. तोंडी परीक्षेत अनेकदा तोच आकडा विचारला जाई.

विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात (स्था. १९३३, पुढे माटुंगा) एम.एस्सी. (टेक.) संशोधनाद्वारे होत असे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.एस्सी.त पहिल्या वर्षी संशोधनपद्धती आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प येतो. प्रकल्पाबरोबर इतर विषयांच्या परीक्षाही असल्याने, वाढीला महिने घेणाऱ्या वनस्पती-ऊतींवर काम करणाऱ्याला हा अवधी अपुरा पडतो. एम.एस्सी. व पीएच.डी. यांच्या मधली एम.फिल. ही संशोधनपदवीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने बंद झाली आहे.